डोंगरावर हसणारा माझा भाऊ

फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. पलीकडे एक अनोळखी, धापा टाकणारा आवाज होता. ‘‘हॅलो, तुम्ही उस्तादांच्या बहीण का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही हो, राँग नंबर,’’ आणि फोन ठेवून दिला. आमच्या घराण्यात कुणी उस्ताद नाही. कुणी गाणं शिकवलं नाही, कुणी कुस्ती खेळलं नाही. वडील दिंडोरीच्या तहसील कचेरीत कारकून होते आणि मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. तव्यावरची पोळी उलटली, तोवर फोन पुन्हा वाजला. ‘‘ताई, ठेवू नका. यांच्या मोबाइलवर शेवटचा नंबर तुमचाच आहे. खिशात कंपनीचं कार्ड सापडलंय, त्यावर मधुकर लिहिलंय. मधुकर तुमचे कोण?’’

मधुकर माझा थोरला भाऊ. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता, नेहमीसारखाच. ‘‘काय सुमे, बरं आहे ना? बरं. ठेवतो.’’ त्याचे सगळे फोन असेच असायचे. आम्ही घरात त्याची नक्कल करायचो... ‘‘ते जरा पडलेत,’’ तो आवाज म्हणाला, ‘‘तुम्ही लगेच निघा.’’ दादा तेव्हा गेलेला होता, हे मला हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर कळलं. फोन करणाऱ्याला ते माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ते निघेना.

हायवेलगतच्या त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं उभी होती. कानटोप्या, मफलर, कॅनव्हासचे बूट. एका बाईंनी नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज घातले होते. थंडीचे दिवस होते, तोंडातून वाफा निघत होत्या आणि त्यातले बरेचजण रडत होते. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्यातरी पेशंटचे नातेवाईक असतील. शैलावहिनी माझ्या आधी पोचली होती. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे कोरडे. मी जवळ गेले तर तिने हलक्या आवाजात विचारलं, ‘‘सुमन, हे कोण सगळे?’’ मला माहीत नव्हतं. तेवढ्यात त्यातलेच एक दाढीवाले गृहस्थ पुढे आले आणि वहिनीला हात जोडून म्हणाले, ‘‘भाभी, उस्ताद गेले. आता आम्हाला कोण चढवणार?’’

दोन महिने होत आले या गोष्टीला. माणूस गेला की हळूहळू दुःख निवळतं, आठवणी जागेवर बसतात, असं मी लोकांना समजावत आले आहे. माझ्या बाबतीत उलटं झालंय. दादा होता तोवर मला तो नीट माहीत होता. तो गेल्यापासून मला त्याच्याबद्दल काहीच धड कळेनासं झालंय.

तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. पत्र्याला, लोखंडाला आकार द्यायचे साचे तो घडवायचा. दिवसभर उभ्याने काम. घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा घासायचं. नव्वदच्या सुमारास सिडकोत त्याने घर घेतलं. तिथे आई, शैलावहिनी, मुलगी रूपाली आणि तो अशी चौघं राहायची. कामावरून आला की हात नुसते तेलाने काळे असत. ते धुताना तो मोरीत इतका वेळ लावायचा की आई ओरडायची, ‘‘अरे, टाकी रिकामी करशील!’’ अबोल वगैरे म्हणावा असा तो तेव्हा नव्हता. चारचौघांसारखा बोलायचा, रविवारी सगळ्यांना मिसळ खायला न्यायचा, चिडला तर चिडायचा.

मग कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली. दादाला कुणी काढलं नाही. उलट बढती दिली, टेबल दिलं, खुर्ची दिली. इतरांनी केलेलं काम तपासून सही करायची. घरात आम्ही पेढे वाटले... त्या खुर्चीने त्याचं काय केलं ते आम्हाला कळायला वर्ष-दीड वर्ष लागलं. आधी झोप गेली. मग पोट सुटलं, रक्तदाब निघाला. कामावरून आल्यावर हात धुवायचं कारण उरलं नव्हतं, त्यामुळे तो सरळ बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसायचा आणि टीव्हीकडे बघत राहायचा. टीव्ही बंद असला तरी. रूपाली अभ्यास करताना पेन्सिल आपटली तरी खेकसायचा. पुढे पुढे खेकसणंही थांबलं. वहिनी मला म्हणाली होती, ‘‘ओरडले तरी चालेल गं, पण असं नको.’’ डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज तासभर चालायला सांगितलं. गोळ्यांनी त्याला दिवसभर गुंगी यायची. चालायला तो काही गेला नाही. कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, ‘‘त्याला जरा बीपीचा त्रास आहे.’’ असल्या आजाराला दुसरं काही नाव असतं, हे आमच्यासारख्या घरांमध्ये त्या काळी कुणी मोठ्याने बोलत नसे.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. ‘‘हे घरात नाहीत.’’ उजाडायच्या आत कधीतरी कडी काढून तो निघून गेला होता. स्कूटर जागेवर होती. चष्मा आणि घड्याळ फळीवर ठेवलेलं होतं. मी आणि माझे मिस्टर लगेच सिडकोत गेलो. आई देवापुढे बसली होती, डोळे मिटून, आणि ओठ हलत होते. मिस्टर कारखान्याच्या गेटवर जाऊन आले, बसस्टँडवर जाऊन आले. वहिनी दारातच उभी. तिला मी आत ये म्हटलं, खुर्ची आणून दिली, पण ती बसेना. ऊन चांगलं वर आलं तेव्हा गल्लीच्या टोकाला दादा दिसला. पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. कुणाकडेही न बघता तो आत आला, पाय धुतले आणि म्हणाला, ‘‘शैला, पोहे कर. भूक लागलीय.’’

दोन ताटल्या पोहे त्याने खाल्ले. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. शेवटी आईनेच विचारलं, ‘‘कुठे गेला होतास रे?’’ ‘‘पांडवलेणीला. डोंगरावर,’’ तो म्हणाला, आणि आत जाऊन झोपला. दुपारभर घोरत होता. कित्येक महिन्यांत त्याला असं झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शिट्टी वाजेल म्हणून वहिनीने कुकर लावला नाही, भात पातेल्यात शिजवला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. महिनाभराने त्याने कॅनव्हासचे बूट घेतले, आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षं, ताप किंवा लग्नकार्य सोडलं तर, त्याची डोंगरावरची सकाळ कधी चुकली नाही. आधी झोप परत आली. मग भूक. मग खांदे सरळ झाले. हे मला एका लग्नातल्या फोटोत दिसलं, समोर असताना लक्षातच आलं नव्हतं. वर्षभराने डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आणली. शर्ट ढगळ झाले, वहिनीने ते सगळे आत घेतले. भरलेला गॅस सिलिंडर तो खांद्यावर टाकून शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन द्यायचा. आणि एके दिवशी त्याने साहेबांना सांगितलं की मला खुर्ची नको, ते संगणकाचं यंत्र शिकवा. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो बावीस वर्षांच्या पोरांबरोबर बसून ते शिकला. मी विचारलं, ‘‘दादा, हे एकदम कसं सुचलं तुला?’’ तेव्हा तो म्हणाला, ‘‘पाय चालायला लागले की डोकंही चालतं.’’ त्या दहा वर्षांत त्याने माझ्याशी केलेलं हे बहुधा सर्वांत मोठं भाषण.

कारण बोलणं मात्र परत आलं नाही. तब्येत आली, झोप आली, काम आलं. पण घरातला दादा गप्प तो गप्पच राहिला. आता त्याच्या गप्प बसण्याची भीती वाटत नसे, एवढाच काय तो फरक. जेवायला सगळ्यांबरोबर बसायचा, रूपालीच्या परीक्षेला सोबत जायचा, आईचं औषध आणायचा. पण स्वतःहून शब्द नाही. पाहुणे आले की ‘‘या’’ म्हणायचा आणि निघाले की ‘‘या परत’’ म्हणायचा, मधलं सगळं वहिनी सांभाळायची. एकाच विषयावर त्याचा जीव होता. माझ्या मिस्टरांना साखर निघाली तेव्हापासून भेटला की विचारायचा, ‘‘चालता ना?’’ ते उडवाउडवी करायचे, तर हा एका रविवारी सकाळी नाशिकरोडला दारात हजर! काही न बोलता त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडवून बूट पुढे ठेवले. तेव्हापासून मिस्टर रोज चालायला लागले. मला वाटायचं, दादाचा स्वभावच तसा झालाय. यंत्रांमध्ये राहून माणूस कमी बोलायला लागतो...

तो गेला तो डोंगरावरून खाली उतरल्यावर. पायथ्याच्या नळावर पाणी प्यायला, कट्ट्यावर बसला, आणि बसल्या जागी कलंडला. बावन्न वर्षांचा होता.

अंत्यविधीहून आल्यावर मिस्टरांनी त्यांचे चालायचे बूट कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. म्हणाले, ‘‘ज्याने चालायला लावलं तोच गेला. आता मला कुणी काही सांगू नका.’’ गल्लीतही तेच चाललं होतं. एवढा व्यायाम करणारा माणूस, सुपारीचंही व्यसन नाही, मग उपयोग काय? आईचं तर एकच पालुपद होतं, ‘‘त्या डोंगराने खाल्ला माझा मुलगा.’’ कुणी भेटायला आलं की ती हेच सांगायची, आणि मग खिडकीतून त्या दिशेला बघून हात उडवायची. मी डॉक्टरांना भेटले. त्यांनी दादाची जुनी फाइल काढून बराच वेळ चाळली आणि म्हणाले, ‘‘तुमच्या वडिलांनाही हृदयाचाच त्रास होता ना? खरं सांगू का, पंचाण्णव-शहाण्णव साली यांचे जे रिपोर्ट होते, ते पाहून त्यांना इतकी वर्षं मिळतील असं मला वाटलं नव्हतं. ही मधली वर्षं त्यांनी चालून कमावली.’’ मला हे पटलं. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग अजून थोडी का नाही कमावली?’’ ...आणि तेही मला पटलं.

तेराव्याला डोंगरावरची मंडळी आली. बाहेरच्या खोलीत रूपालीने सतरंजी घातली होती, त्यावर दाटीवाटीने बसली. नऊवारीतल्या कमलबाई आल्या होत्या. त्या पूर्वी एका दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त मुख्याध्यापक सोनवणे सर होते. आणि मला फोन करणारे ते दाढीवाले गृहस्थ, रफिकभाई. अंबडच्या रस्त्याला त्यांचं रिक्षाची सीट कव्हरं शिवण्याचं दुकान आहे. कमलबाई म्हणाल्या, ‘‘आमचे गुडघे, खांदे, सगळं त्यांनी हलतं केलं हो. म्हणायचे, सांधा म्हणजे बेअरिंग, फिरवलं नाही तर जाम होणार. माझ्याच दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना गाठून, विचारून विचारून शिकले आणि मग आम्हालाच शिकवायला लागले. तेव्हापासून आमचे ते उस्ताद, खरं नाव कुणी विचारलंच नाही.’’ सोनवणे सर म्हणाले, ‘‘आणि बोलायचे किती! वर पोचेपर्यंत तोंड बंद नाही. प्रत्येकाची चढायची नक्कल करून दाखवायचे. मला म्हणायचे, सर, तुमचं पोट आधी पोचतं, तुम्ही मागून येता!’’ यावर सगळे हसले. अगदी मोकळे हसले आणि मग, आपण कुठे बसलोय ते आठवून, एकदम गप्प झाले.

दिंडोरीला असताना दादा नकला करायचा. हे मी साफ विसरून गेले होते. कचेरीतले भाऊसाहेब सही कशी करतात, पोस्टमन सायकलवरून कसा उतरतो, आमची आत्या देवळात घंटा वाजवून इकडेतिकडे कशी बघते... वडील हसून हसून खोकायचे. तो मुलगा मोठा झाला आणि संपला, असं मी गृहीत धरलं होतं. आणि ही अनोळखी माणसं मला सांगत होती की तो रोज सकाळी इथून चार किलोमीटरवर त्यांना भेटत होता. मी वहिनीकडे पाहिलं. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेली.

मी आत गेले तेव्हा ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. न विचारताच म्हणाली, ‘‘तिकडे हसायचे. मग माझं काय चुकलं होतं सुमन?’’

मंडळी निघाली तेव्हा मी रफिकभाईंबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मला विचारायचं होतं की दादा त्यांना पहिल्यांदा कसा भेटला. ते म्हणाले, ‘‘लेण्यांच्या वर, जिथे पायऱ्या-बियऱ्या संपतात ना, तिथे. कड्याच्या अगदी जवळ बसले होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चढलो होतो, पण उतरायच्या वेळेला गुडघा ऐकेना. म्हटलं, भाऊ, जरा हात देता का? ते बघतच राहिले माझ्याकडे. लय वेळ. मग उठले, चपला घातल्या, आणि मला धरून पार खालपर्यंत आणलं. रस्त्यात एक लफ्ज बोलले नाहीत.’’

‘‘दादा तिथे कशाला बसला होता?’’ मी विचारलं.

‘‘ते मी कधी विचारलं नाही, ताई. त्यांनीही सांगितलं नाही. हवा खायला बसले असतील. बसतात ना लोक...’’

‘‘तुम्हाला तेव्हा काही वेगळं वाटलं का?’’

रफिकभाई म्हणाले, ‘‘खोटं कशाला बोलू? मला फक्त माझ्या गुडघ्याचं पडलं होतं. खाली आल्यावर मी म्हटलं, उद्या येणार का? तुम्ही असाल तर मी पण चढेन. ते म्हणाले, येतो. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन उभे होते.’’

हे वहिनीला सांगावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘मला त्याच दिवशी कळलं होतं. चष्मा घरी ठेवून कुणी डोंगर चढायला जातं का?’’ ती पुढे म्हणाली, ‘‘त्यानंतर रोज ते गेले की मी फळीकडे बघायची. चष्मा नेलेला दिसला की मगच चहा टाकायची. लोकांना वाटायचं, नवरा व्यायाम करतो, किती भाग्याची! मला वाटायचं, आज जातायत तसे परत येऊ देत. तब्येत सुधारत होती ते दिसत होतं गं. तरी ती सवय गेली नाही.’’ हा लेख लिहायला घेण्याआधी मी तिला विचारलं होतं की हे लिहू का. ‘‘लिही,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्या कुणाच्या घरी फळीवर चष्मा राहिला असेल तर त्यांना कळू दे.’’

गेल्या पंधरवड्यात एके दिवशी तिनेच म्हटलं, ‘‘मला ती जागा बघायचीय.’’ आम्ही दोघी पहाटे निघालो. थंडी उतरणीला लागली होती. पायथ्याला मंडळी जमलेली होतीच. आम्हाला पाहून सगळे गडबडले, कुणी रुमालाने कट्टा पुसला, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. वहिनी म्हणाली, ‘‘बसायला नाही आले. चढायला आलेय.’’ ती कधी चढलेली नव्हती. अर्ध्या पायऱ्यांवर तिचा दम गेला. कमलबाईंनी तिला कठड्याला हात लावून उभं केलं, नाकाने श्वास घ्यायला लावला, खांदे सैल सोडायला सांगितलं. ‘‘बोलू नका आता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘श्वास परत आला की बोला.’’ त्या हे सगळं ज्या ठरावीक, सावकाश पद्धतीने करत होत्या, ती दादाची असावी. मी त्याला असं करताना कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगू शकत नाही.

लेण्यांसमोरच्या मोकळ्या जागेत पोचलो तेव्हा खाली हायवे दिसत होता, त्यापलीकडे अंबडच्या कारखान्यांचे पत्रे उन्हात चमकायला लागले होते. मंडळींनी गोल केला आणि हात फिरवायला सुरुवात केली. रफिकभाई, ज्यांना गुडघ्यापायी दादाने धरून खाली आणलं होतं, ते आरामात उठाबशा काढत होते. वहिनी एका दगडावर बसून बघत होती. मग सोनवणे सर तिच्याजवळ आले आणि मोठ्या आदराने म्हणाले, ‘‘वहिनी, ते घरीही असंच हसवत असतील ना सगळ्यांना? तुमच्या घरात तर दिवसभर दंगाच असेल.’’

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘फार.’’

उतरताना ती माझा हात धरून होती. मधेच म्हणाली, ‘‘खोटं बोलले मी. का बोलले, मलाच कळलं नाही.’’ काही पायऱ्या उतरून पुन्हा थांबली. ‘‘एकदा हसले होते. दूध उतू गेलं होतं आणि मी बोक्यावर ओरडत होते, तो बिचारा बाहेर व्हरांड्यात झोपलेला. तेव्हा हसले होते.’’ आणि मग, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच, ती तिथे पायरीवर बसून रडली. येणारे-जाणारे बाजूने वाट काढून वर जात होते.

तर मी आता याचा काय अर्थ लावू? व्यायामाने माणूस वाचतो म्हणावं, तर तो गेला. नाही म्हणावं, तर तो त्या पहिल्या दिवशीच गेला असता, कदाचित. डोंगराने त्याला झोप दिली, काम दिलं, दहा वर्षं दिली, त्याचं हसणंही परत दिलं. पण ते तिथेच ठेवून घेतलं, घरी येऊ दिलं नाही. घरी आम्ही सगळे त्याच्या काळजीत होतो. डोंगरावर कुणालाच त्याची काळजी नव्हती, त्यांना त्याचा हात हवा होता. एवढाच फरक असेल का? की घरी त्याला गप्प बसता येत होतं, हेच त्याचं सुख होतं? मी वर्गात मुलांना उताऱ्याखालचे प्रश्न घालते आणि उत्तर उताऱ्यातच आहे असं सांगते. इथे उतारा पुन्हा पुन्हा वाचतेय आणि उत्तर सापडत नाहीये...

डोंगरावरून त्या दिवशी आम्ही घरी आलो. वहिनी अंघोळीला गेली. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आई ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि टाचा उचलून वर-खाली होत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई. मला वाटलं, वरच्या फळीवरचा डबा काढतेय.

‘‘काय हवंय? मी देते.’’

‘‘काही नको. व्यायाम करतेय,’’ ती मान न वळवता म्हणाली. ‘‘मधू करून घ्यायचा रोज. डोंगरावरून आला की. शैला अंघोळीला गेली की.’’

‘‘तू कधी बोलली नाहीस!’’

‘‘त्यात काय बोलायचंय? माझ्याने जमिनीवर बसवत नव्हतं, आता बसवतं.’’

‘‘अगं, पण तू तर म्हणतेस डोंगराने...’’

‘‘म्हणते ना. आताही म्हणते.’’ तिच्या टाचा वर-खाली होतच होत्या. ‘‘पाय माझे आहेत. त्यांचा काय दोष?’’

मी तिच्याजवळ उभी राहिले. मग विचारलं, ‘‘करून घेताना काय बोलायचा गं तो तुझ्याशी?’’

‘‘काही नाही. नुसता मोजायचा.’’ आई थांबली. ओट्यावरचे तिचे हात पांढरे पडले होते, इतका तिने ओटा घट्ट धरला होता. ‘‘मला मोजायची सवयच राहिली नाही. किती झालं तेच कळत नाही आता.’’

म्हणून मग मी मोजायला लागले. एक... दोन... तीन... चार... आईने डोळे मिटले आणि टाचा उचलल्या.

‘‘हळू गं,’’ ती म्हणाली. ‘‘तो इतक्या घाईने नाही मोजायचा.’’

मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.